कागदावर घरी

तीन दिवस खोकत होता, पण त्या मंगळवारी सकाळी सारंगने आईच्या हातचं वासारिष्ट घेतलं नाही.

"नको आई, बरं वाटायलंय."

"काय बरं वाटायलंय? रातभर खोकलास. काल तर घेतलंस की दोन चमचे!"

मी लेकीला, उत्तराला, भरवत होते. चमचा तिच्या तोंडाशी तसाच राहिला. माझा नवरा खासगी जेटवर सहवैमानिक आहे. विमानात बसण्याआधी त्याला नळीत फुंकावं लागतं. दारूचा अंश निघाला तर लायसन्सवर येतं. अरिष्टातही तो अंश असतोच, म्हणून ड्युटी जवळ आली की तो खोकल्याचं औषध तोंडात घालत नाही. पण ड्युटी अजून सहा दिवस लांब होती. अठरा दिवस काम, बारा दिवस घरी. आज सातवाच दिवस.

"दुपारी परभणीला जाऊन येतो," तो म्हणाला. "गाडी सर्व्हिसिंगला टाकतो. उशीर झाला तर मित्राकडं राहीन."

आमच्या झरीहून परभणी ती कितीशी लांब! त्यासाठी मुक्काम?

अंगणात शेजारच्या तानुबाई येऊन बसल्या होत्या. "नर्मदाबाई, पोराला काढलं तर न्हाई ना कामावरून? जवा बघावं तवा घरीच."

"मालकाचं इमान हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "मालक बसला की उडतंय. तुझ्या गॅरेजवाल्या जावयावानी रोज कुणाचंबी चाक खोलायचं न्हाई."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारामागं दिनदर्शिका आहे. उत्तरा झाल्यापासून मी तिच्यावर सारंग रोज कुठल्या गावी झोपला ते लिहिते. मागचं पान उलटलं. एकवीस, जोधपूर. बावीस, इंदूर. दोन दिवस ड्युटी वाढली, असं तेव्हा तो म्हणाला होता. उत्तराचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घालायचं म्हणून त्याचा मेल माझ्या फोनवर उघडलेला असतो. ड्युटीचं वेळापत्रक, म्हणजे रोस्टर, त्यावरच येतं. त्यात मागच्या महिन्याचा हजेरीचा कागद आला होता. एकवीस, रजा. बावीस, रजा.

आधी जे कुठल्याही बाईच्या मनात येईल तेच माझ्या मनात आलं. पण जोधपूरहून त्यानं व्हिडिओ कॉल केला होता. मागं विमानाचा पंख दिसत होता आणि उत्तरा त्या पंखालाच टाटा करत होती. म्हणजे तो विमानावरच होता. मग कागद खोटा कशाला?

उत्तराला घेऊन मी खोलीत गेले. तो बॅग भरत होता. टॉवेलखाली पांढरा शर्ट होता, खांद्यावर पट्ट्यांचा.

सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते. दार लावलं की तू.

"सर्व्हिसिंगला हा शर्ट लागतो का रे?"

त्यानं टॉवेल परत वर ओढला.

"कुठं चाललास?"

"हैदराबाद. उद्या सकाळी एक फेरी हाय. परवा परत."

"रोस्टरवर तर रजा आहे."

"ते ऑफिस बघतंय."

"एकवीस-बावीसलाही ऑफिसच बघत होतं?"

तो पलंगाच्या कडेला बसला. "माणसं कमी हायेत, अर्पिता. नियमानं आमी ठरल्या तासांपेक्षा जास्ती उडू शकत न्हाई, मग कागदावर दुसऱ्याचं नाव टाकतेत. पुढच्या वर्षी कॅप्टन करतो म्हणलेत मला."

"आणि काही झालं तर?"

"काही होत नसतं."

"न होवो. पण झालं तर विमा कंपनीवाले कागदच बघतील ना? कागदावर तू घरी आहेस. झरीत, आईच्या हातचं खायलायस. मग त्या खुर्चीत मेला तो कोण होता, हे मी कुणाला पटवून सांगू? कडेवर हिला घेऊन कुठल्या कुठल्या हापिसात जाऊ?"

उत्तरानं बॅगेची चेन धरून ओढायला सुरुवात केली. सारंगला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी थांबले.

"जाऊ नको म्हणतच नाही मी. त्यांना एवढंच लिही, उद्याची ड्युटी माझ्या नावानं रोस्टरवर टाका, लगेच निघतो."

"असं कुणी लिहितं का?"

"काम सरळ असेल तर त्यांना पाच मिनिटं लागतील."

त्यानं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं आणि पाठवलं. दोन मिनिटांत फोन वाजला. तो बोलायला मागच्या दारी गेला. मी खिडकीतून बघत होते. "हो सर, हो सर" एवढंच ऐकू येत होतं.

परत आला आणि बॅग पायानं पलंगाखाली सारली.

"जायचं न्हाई."

"काय म्हणाले?"

"तब्येत सांभाळा म्हणाले. कॅप्टनचं नंतर बघू म्हणाले."

"आणि उद्याचं विमान?"

"ते थोडंच थांबतंय! नागसेनला बोलावतेत ताडकळसहून. त्याचीबी रजाच चालू हाय."

नागसेन त्याच कंपनीतला सहवैमानिक, सारंगच्या मागून नोकरीला लागलेला. कंपनीच्या आरोग्य शिबिरात त्याची बायको संघप्रिया माझ्या शेजारी बसली होती. तेव्हा तिला पाचवा महिना होता. नंबर होता माझ्याकडे.

"तू त्यात पडू नको," सारंग म्हणाला. "आपलं झालं ना? माझं नाव निघालं तर नोकरी जाईल."

मी फोन लावला.

"संघप्रिया, मी अर्पिता, सारंगची बायको. नागसेन कुठं आहेत गं?"

"घरीच हायेत की. आत्ताच कुणाचा तरी फोन आला, तवापासून शर्टाला इस्त्री करायलेत. का गं?"

सारंग दाराला पाठ लावून उभा होता. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

"त्यांचं रोस्टर आहे का तुझ्याकडं?" मी म्हणाले. "उघड बरं. उद्याच्या तारखेपुढं काय लिहिलंय, ते वाच मला."