ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात

मी एक जुना ब्रेक आहे, मित्रांनो. पोलादपूर तालुक्यात कापडे नावाचं गाव आहे, तिथल्या सहदेवकाकांच्या जीपचा. इंजिनाचं कौतुक सगळे करतात, हॉर्नवर तर पोरं खूशच असतात. माझी आठवण उतार लागला की मगच येते. असो, तक्रार करायला मी बसलेलो नाही. चेहऱ्यांशी माझं काम नाही. मी माणसं ओळखतो ती पायांवरून. जिवाभावाचे म्हणावेत असे दोघांचेच पाय माझ्यावर पडले. एक सहदेवकाका आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी, रखमाकाकी.

जीपच्या पहिल्या मालकाचं मला काहीच आठवत नाही. तो बूट घालायचा. बुटातून काय डोंबल माणूस कळणार? सहदेवकाका मुंबईत ड्रायव्हर होते. नोकरी सुटली तेव्हा त्यांनी आम्हाला विकत घेतलं आणि गावी आणलं. त्यांची टाच भेगाळलेली, पण पाय मोठा समजूतदार. उगाच दाणकन दाबणार नाहीत. आम्ही भाताची पोती गिरणीवर नेली, नवऱ्या मुली महाडला पोचवल्या, अडलेल्या बाया पोलादपूरच्या दवाखान्यात वेळेवर नेल्या. आंबेनळी घाट तर मी झोपेतही उतरलो असतो. "सहदेवची गाडी म्हणजे घोर नाय," असं लोक म्हणायचे, आणि मी आपला फुशारून जायचो.

काकांचा एक हट्ट होता. गॅरेजची पायरी ते चढत नसत. "गाडी आपली, हात आपलं, मग दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?" म्हणायचे. तेल बदलणं, पट्टा बसवणं, सगळं अंगणात, फणसाखाली. हात काही जादूचे नव्हते हं त्यांचे! एकदा सगळं जोडून झालं आणि एक नट हातात उरला. काकी म्हणाल्या, "अवो, ह्यो कुठला?" काका म्हणाले, "कंपनीनं जास्तीचा दिलेला." काकी इतक्या हसल्या की ठसका लागला. काकांनी पुन्हा सगळं उघडलं.

पण एक काम असं होतं, जे काकांना एकट्याने जमत नसे. ते म्हणजे माझी हवा काढणं. माझ्या नळ्यांत तेल असतं. त्या तेलात हवा शिरली तर मी मऊ पडतो, दाबलं तरी चाक धरत नाही. ती काढायला एकाने सीटवर बसून मला दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकाखाली आडवं होऊन एक छोटा नट सैल करायचा, की हवा आणि जुनं तेल फसफसत बाहेर येतं. नट आवळला की मगच पाय उचलायचा, नाहीतर हवा परत आत.

आमच्या घरी हे काम दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्हायचं. नवं तेल भरायचं, हवा काढायची, आणि दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ. काकी हातातलं काम टाकून यायच्या. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत, पण त्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर त्या बसायच्या. चपला खाली काढून. त्यांच्या बोटातली जोडवी मला गार लागायची.

"दाब गो!" खालून काका ओरडायचे.

"दाबला."

"धर!"

"धरलाय वो."

"सोड आता."

मधेच काकी आरशात बघून पदर नीट करायच्या. समोरून कुणी बाई गेली तर म्हणायच्या, "येतेस काय महाबळेश्वरला? चल, बस मागं!" मला तो दिवस फार आवडायचा. खरं सांगू? दसऱ्याच्या माळेपेक्षाही जास्त.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला काकींचा पाय माझ्यावर पडला आणि मी चरकलो. पाय सुजलेला होता. जोडवी नव्हती, बोटात शिरत नसणार. त्यांनी एका पायाने मला दाबून बघितलं, मी अर्ध्यावरच राहिलो. मग त्यांनी दुसरा पाय पहिल्यावर ठेवला आणि स्टिअरिंगला धरून दोन्ही पायांनी रेटलं. त्यांना धाप लागली होती.

"अगो नीट दाब की! झोपलीस काय?" खालून काका ओरडले.

"दाबतेय वो," काकी म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा.

काकांना वाटलं, दोष माझ्यात आहे. त्यांनी चाक उघडलं, आतली रबरं बघितली, पोलादपूरहून नवी आणून घातली. माझ्यासाठी इतकं केलं! वर सीटवर कोण धापा टाकतंय, ते मात्र त्यांनी उठून बघितलं नाही. मी सगळं जाणत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

पुढच्या पावसाळ्यात रखमाकाकी गेल्या. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कधीचं थकलं होतं. काका त्यांना जीपमधूनच घेऊन गेले होते. येताना मागची सीट आडवी केली होती. त्या दिवशी काकांनी घरापर्यंत मला एकदासुद्धा जोरात दाबलं नाही. धक्का बसू नये म्हणून.

मग दसरा आला. काकांची लेक श्रुतिका वाईला दिलेली, ती एसटीने आली होती. ती म्हणाली, "बाबा, ब्रेकचं तेल बदललंत का?"

"औंदा दसरा नाय आपल्याला," काका म्हणाले. "तुझी आय गेलीय. वर्ष सरल्याबिगर गाडीचं काय खोलायचं नाय."

"पूजा नका करू. पण तेल? मी बसते ना सीटवर. मी दाबते पाय."

"नको!"

काका असे कधी ओरडत नसत. श्रुतिका हळूच म्हणाली, "मग गॅरेजला तरी द्या."

"मी मेलो नाय अजून," काका म्हणाले आणि शेतावर निघून गेले.

गावाला वाटलं, माणूस रीत पाळतोय. कसली रीत न कसलं काय! तेल बदलायला कुठल्या देवाची ना होती? त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्यांना बघवणार नव्हतं, एवढीच गोष्ट. आणि माझं तेल मात्र पावसाळ्याचं पाणी पिऊन काळं पडत होतं.

भात झोडून झालं तसे काका वाईला परत गेलेल्या लेकीला आणायला निघाले. माहेरपणाला बोलवायला आई नव्हती, म्हणून बाप स्वतः गेला. घाट चढताना काही वाटलं नाही, कारण चढावर मला विचारतो कोण? परत येताना श्रुतिका शेजारी बसली होती. आंबेनळीचा उतार सुरू झाला. काका मला दाबत होते, सोडत होते, पुन्हा दाबत होते. मी तापलो. माझ्यातलं ते पाणी धरलेलं तेल उकळलं, त्याची वाफ झाली, म्हणजे नळ्यांत पुन्हा हवाच, आणि एका वळणावर काकांनी पाय दाबला तसा मी थेट तळाला गेलो.

"बाबा, हळू!"

"थांबत नाय गो पोरी!"

त्यांचा पाय माझ्यावर पुन्हा पुन्हा आदळत होता आणि मी काहीच करू शकत नव्हतो. मित्रांनो, ब्रेकच्या आयुष्यात याहून वाईट काय असेल? काकांनी गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि जीप डोंगराच्या अंगाला घासत नेली. पत्रा फाटत गेला आणि आम्ही गटारात अडकून थांबलो. पलीकडे दरी होती. श्रुतिकाने सावरायला हात पुढे धरला होता. तिचं मनगट मोडलं.

काका रस्त्यावर बसून राहिले. श्रुतिकाच त्यांना म्हणत होती, "बाबा, मी बरी हाय. बघा ना माझ्याकडे." ते बघत नव्हते.

काही दिवसांनी मला ओढून पोलादपूरच्या एका गॅरेजमध्ये नेलं. काका पहिल्यांदाच गॅरेजची पायरी चढले, बरोबर प्लास्टर घातलेली श्रुतिका होती. तिथल्या मेकॅनिकचं नाव ओंकार. बोलायला गोड माणूस. त्याने नवं तेल भरलं आणि म्हणाला, "माझा माणूस महाडला गेलाय सामान आणायला. हवा काढायचीय, कुणीतरी सीटवर बसा." श्रुतिका उठू लागली. काकांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः सीटवर चढले.

"दाबा काका. धरा. सोडा."

काका दाबत होते, धरत होते. गाडी चालवताना मला दाबून सोडून द्यायचं असतं. इथे पुन्हा पुन्हा दाबायचं आणि बराच वेळ धरून ठेवायचं. दोन चाकं होईपर्यंत त्यांची पोटरी थरथरायला लागली.

"श्रुतिका," ते म्हणाले, "एवढा जड लागतो हा. तुझी आय कशी दाबायची गो?"

श्रुतिका म्हणाली, "शेवटच्या वेळी दोन्ही पायांनी दाबला तिनं. मला फोनवर बोलली होती. पाय सुजतात, दम लागतो, सगळं बोलली."

"मग मला का नाय सांगितलं?"

"मीच म्हटलं, सांग. तर म्हणाली, त्यांना कळलं तर गाडी गॅरेजला देतील. मग मला सीटवर कोण बसवणार?"

काकांचा पाय माझ्यावर तसाच होता. त्यांच्या गुडघ्यावर टपटप पाणी पडत होतं आणि तिथून ओघळून माझ्यापर्यंत येत होतं.

ओंकारने खालून दोनदा आवाज दिला आणि मग तो नट आवळून बाहेर आला, उभा राहिला आणि त्याने वर बघितलं.

"काय झालं काका? पाय दुखला काय? सांगायचं ना, मी थांबलो असतो."

बस, एवढंच. पहिल्यांदा भेटलेल्या माणसाने एवढंच विचारलं. आणि सहदेवकाका स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले.

आता मी पुन्हा कडक आहे. पण काका घाटात फारसे जात नाहीत, आणि अंगणात फणसाखाली नट खोलायचे पाने तसेच पडून असतात. मित्रांनो, तुमची गाडी जुनी असेल तर तिला गॅरेजला द्या, नाहीतर घरी उघडा. माझं दोन्हीला काही म्हणणं नाही. माझं तेल वेळेवर बदला म्हणजे झालं. फक्त एक करा. चाकाखाली आडवे होऊन "दाब, धर" असं ओरडत असाल, तेव्हा मधेच एकदा उठा. सीटवर कोण बसलंय ते बघा, आणि त्याला विचारा, पाय दुखतोय का?