विस्तव न्यायला कुणी येईना

दगडाबाईच्या सासूनं जाताना तिला एक नेम दिला होता. पहाटे चूल पेटली की आधी कुणाला तरी विस्तव द्यायचा, मगच तव्यावर भाकरी टाकायची. बीडच्या साळ्यांच्या गल्लीत हा नेम कधी जड गेला नाही. भिंतीला भिंत लागलेली घरं. शेजारच्या पिंजाऱ्याची बीबीजान उजाडताच गोवरीचा तुकडा घेऊन दारात हजर.

"दगडा, दे गं इंगळ."

"रातचा राखून ठेवायला काय होतं तुला?"

"मग तुझं तोंड कवा बघू?"

पुढं कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी नवा मोंढा, म्हणजे मोठी बाजारपेठ, बांधायचा हुकूम निघाला. गल्लीतली दगडी घरं राहिली, मातीची पाडली. साळ्यांना बिंदुसरा नदीपलीकडच्या माळावर जागा मिळाली, पिंजाऱ्यांना गेवराईच्या वाटेवर.

माळावर घरं लांब लांब, आणि आता ज्याच्या त्याच्या कोनाड्यात आगपेटी. पहिल्या सकाळी दगडाबाई पेटत्या चुलीपुढं बसून राहिली. ऊन दारात आलं, माणूस आलं नाही.

"टाक की भाकरी," तिचा नवरा सटवा म्हणाला. "देवाला काय दिसत न्हाई व्हय?"

"तुमी कालची खावा."

"आन् तू?"

तिनं रिकामा तवा भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही, तेव्हा तिनं खापरात निखारे घेतले, वर राख पसरली आणि डोईवर पदर घेतला.

"कुठं निघालीस विस्तव घेऊन? लोक म्हणतील, साळ्याची बायको गाव पेटवत हिंडती."

"बीबीकडं जाऊन येते."

नदी ओलांडून ती मोंढ्याच्या जागेवर आली. सगळीकडं चुन्याचे ढीग आणि घडीव दगड. आपला उंबरा कुठं असेल, बीबीचं दार कुठं, ते शोधत ती उभी राहिली. किती वेळ, तिचं तिलाच कळलं नाही.

बीबीजानकडं पोचली तेव्हा चुलीवर डाळ शिजत होती.

"या अल्ला! दगडा? इतक्या उन्हाची कशाला आलीस?"

"विस्तव आणलाय."

बीबीजाननं राख बोटानं बाजूला केली. खाली काळे कोळसे. दगडाबाईनं मान खाली घातली.

"तुझी चूल तर पेटलीच हाय."

बीबीजाननं चिमट्यानं त्यातला एक कोळसा उचलला आणि आपल्या चुलीच्या तोंडात ठेवला. दोघी वाकून बघत राहिल्या. हळूहळू त्याची कड लाल झाली.

"घेतला बग तुझा इंगळ. आता घरी जाऊन भाकरी टाक. आमच्या हातचं तुला चालायचं न्हाई, न्हाईतर इथंच वाढलं असतं."

दगडाबाईनं हात जोडले. देवाला की बीबीला, कुणास ठाऊक.

"ऊन चढतंय माय. तुझं घर लई लांब."

"हाय खरं," दगडाबाई म्हणाली. पोटात भुकेनं खड्डा पडला होता, तरी तिला उठवेना. "बसू दे की जरा," म्हणत ती चुलीजवळ सरकली.

बीबीजाननं तिच्याकडं पाट सारला.