पिवळ्या मक्याचं वर्ष

१९७२ साली ला एस्पेरान्सा गावच्या बाजारात आमची खाणावळ होती. दोन लांब टेबलं, चार बाकं, मातीची चूल आणि तिच्यावर आईचा तवा. आईला सगळे मानाने दोन्या ब्राउलिया म्हणत. मी, एर्मेलिंदा, तेव्हा सोळा वर्षांची होते. पन्नास सेंटाव्होंत लाल घेवडा, भात, ताज्या चीजचा तुकडा आणि पोट भरेपर्यंत तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या. घेवडा काय, कुणीही शिजवतं. लोक यायचे ते आईच्या तोर्तियांसाठी.

तोर्तियाचा सगळा जीव चुन्यात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, मुरू द्यायचा, धुऊन दळून आणायचा. चुना कमी पडला तर साल सुटत नाही, जास्त झाला तर तोर्तिया कडू होते. त्याला माप नव्हतं. आई पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची आणि म्हणायची, "अजून चिमूटभर," किंवा "बस."

जानेवारीत तिला मोठा ताप आला. त्यातून ती उठली, पण नाक आणि जीभ तापाबरोबर गेली. तिने कुणाला सांगितलं नाही. एकदा नासलेल्या दुधाचा पेला तिने माझ्यासमोर शांतपणे रिकामा केला, तेव्हा मला कळलं. बोट मात्र ती रोज जिभेला लावायची आणि "बस" म्हणायची.

तरीही निभावलं असतं. पांढऱ्या मक्याला चुना जास्त झाला की तो पिवळा पडतो, डोळ्यांना दिसतं. पण त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, पांढरा मका मिळेना. आम्ही पिवळा घेतला. पिवळ्यात काय दिसणार?

आमच्याकडे तोर्तियाला नाव ठेवत नाहीत. मक्याचा अपमान केला तर मका घर सोडतो, असं लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे कडू आहे असं कुणीच म्हणालं नाही. शाळेचे आबेलिनो मास्तर म्हणाले, "दोन्या, डॉक्टरांनी मला मका बंद केलाय." दुसऱ्या दिवशी ते समोरच्या तोमासाच्या खाणावळीत आमच्याकडे पाठ करून तोर्तिया खात होते. लाकडाच्या वखारीतले लोक म्हणाले, काम लांब लागलंय. तेही त्याच बाकावर, तशीच पाठ करून.

"काय गं एर्मेलिंदा," तोमासा रस्त्यापलीकडून ओरडायची, "बाकांवर आता कोंबड्या बसवणार का?"

आईला सांगायला माझी जीभ रेटेना. मी गुपचूप मका जास्त पाण्यांनी धुऊ लागले. कडवटपणा थोडा गेला, पण पिठाचा चिकटपणाही गेला. तोर्तिया तव्यावर तुटायला लागल्या.

"मका धुतलास की त्याला आंघोळ घातलीस?" आई म्हणाली. "अशा हातांनी लोक टिकतात होय? तुझ्यामुळे चाललेत सगळे."

मी पुढची तोर्तिया थापायला घेतली.

शेवटी एकटे डॉन निकानोर उरले. सिग्वातेपेके शहराची बस चालवायचे, विधुर होते. रोज दुपारी येऊन टोपी मांडीवर ठेवायचे.

"तोर्तिया कशा झाल्यात?" आईने एका दुपारी विचारलं.

"तुमच्या हातच्या आहेत दोन्या, विचारायचं काय त्यात?"

आई चुलीकडे वळली. त्यांनी पटकन एक तोर्तिया टोपीत टाकली, दुसरी टेबलाखालच्या बाजारी कुत्र्यापुढे धरली. आई मिठासाठी परत वळली, तेव्हा कुत्रं तोर्तिया हुंगत होतं. हुंगून त्याने तोंड फिरवलं आणि रस्ता ओलांडून तोमासाकडे गेलं.

डॉन निकानोर लाल झाले. टोपी पोटाशी धरून उठले. उठणाऱ्याने जेवत बसलेल्यांना निरोपाचे शब्द म्हणायची आमची रीत आहे. त्यांनीही सवयीने रिकाम्या बाकांना म्हटलं, "सावकाश होऊ द्या," आणि निघून गेले.

आईने एक तोर्तिया मोडली, चावली, चावत राहिली.

"कधीपासून?"

"तुझ्या तापापासून."

"आणि तू गप्प बसलीस."

दुसऱ्या दिवसापासून चुना मी चाखला. तोर्तिया पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या, फुगायच्या, गोड लागायच्या. पण लोक येईनात. येणार कसे? आले असते तर आधी का गेलो ते कबूल करावं लागलं असतं, डॉक्टर आणि लांबचं काम खोटं ठरलं असतं. कुणालाच आमचं वाईट करायचं नव्हतं, आणि म्हणूनच कुणी परतू शकत नव्हतं.

तोमासाला हे बघवेना. एका दुपारी ती आली, आमची तोर्तिया उचलली आणि भर रस्त्यात उभी राहून खाल्ली. "ए मास्तर, मान वळवा जरा! बऱ्या झाल्यात, माझ्यापेक्षा बऱ्या! जा की तिकडे!"

मास्तरांनी मान ताटात आणखी खाली घातली.

नोव्हेंबरात आईने चूल विझवली, ती पुन्हा पेटवली नाही.

डॉन निकानोर त्यानंतर नऊ वर्षं बस चालवत होते. जाताना आमच्या दारासमोर हॉर्न वाजवायचे, पण थांबायचे नाहीत. आबेलिनो मास्तर मुख्याध्यापक झाले. आईच्या अंत्ययात्रेत ते माझ्याशेजारून चालले. दोनदा त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. तोमासा गुडघे जाईपर्यंत तव्यापुढे उभी होती. तिची भाची आता तिथेच खाणावळ चालवते आणि मक्याचं तयार पीठ पिशवीतलं आणते. मी सिग्वातेपेकेत लग्न करून आले, चार मुलं वाढवली. मका शिजवताना अजून बोट जिभेला लावते.

आई त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. मी घरी असले की प्रत्येक जेवणाला मला विचारायची, "कसं झालंय?" मी म्हणायचे, "छान." ते खरंच छान असायचं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, आणि मग घास हातात घेऊन कुत्र्याला हाक मारायची.