एका नावाचे दोन मनोरे

मी एक जुने यंत्र आहे. रक्तातली प्रथिने वाचायची आणि कागदावर त्यांचे डोंगर काढायचे, हे माझे काम. मित्रांनो, चाळीस वर्षांत मी हजारो डोंगर काढले. पण गेल्या वर्षीच्या एका शुक्रवारी मला जो धक्का बसला, तो मी अजून विसरलेले नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी न्यूझीलंडच्या मोठ्या इस्पितळात होते. तिथे नवी यंत्रे आली, तेव्हा मला लाकडी खोक्यात घालून बोटीने सामोआला, सवाई बेटावरच्या एका छोट्या दवाखान्यात पाठवले गेले. खोके पेपेने उघडले. प्रयोगशाळेतली ती एकटीच कर्मचारी. "बाई गं, आमच्या पाद्रीबुवांपेक्षा जड आहे हे," असे म्हणून तिने माझे नाव ठेवले माउंगा, म्हणजे डोंगर.

माझे काम समजायला कठीण नाही. रक्त गोठल्यावर वर पिवळसर पाणी उरते. त्याचा थेंब एका पातळ पट्टीवर ठेवून वीज सोडतात. प्रथिने आपापल्या वेगाने धावतात आणि आपापल्या जागी थांबतात. ती पट्टी रंगवून, वाळवून माझ्या दिव्याखाली सरकवली की माझी लेखणी चालू लागते. आधी एक उंच शिखर, मग तीन लहान टेकड्या, आणि शेवटी एक पसरट, गोल डोंगर. या शेवटच्या डोंगरात शरीराची रोगांशी लढणारी प्रथिने असतात. त्यांच्या असंख्य जाती, म्हणून तो पसरट. पण हाडांच्या मगजातली एखादी पेशी वाढत जाऊन एकच प्रथिन पुन्हा पुन्हा बनवू लागली, तर तिथे अरुंद, टोकदार सुळका उभा राहतो. पेपे त्याला मनोरा म्हणते. आमच्या बेटावर प्रत्येक गावात चर्च आहे, त्यामुळे मनोरा म्हटले की सगळ्यांना कळते.

मनोरा दिसला म्हणजे मायलोमा नावाचा कर्करोग झालाच, असे नाही. पुष्कळ लोकांच्या रक्तात बुटका मनोरा वर्षानुवर्षे नुसता उभा असतो. त्यांच्यापैकी शंभरात एखाद्यालाच दर वर्षी पुढे कर्करोग होतो. म्हणून त्याची उंची तर मोजायचीच, पण हिमोग्लोबिन, मूत्रपिंडे, कॅल्शियम आणि हाडे यांना काही झाले आहे का, हेही बघायचे. आणि एक गोष्ट पेपेला फार पूर्वी शिकवली गेली होती. मनोऱ्याची उंची बदलते, जागा बदलत नाही.

पुढे राजधानीत नवे यंत्र आले आणि माझ्याकडे महिन्याला दोन-तीनच पट्ट्या येऊ लागल्या. माझ्या डोक्यावर एक फुलझाडाची कुंडी आली. डॉक्टर रूता आमच्याकडे नवीन आली, तेव्हा कुंडी उचलून तिने पेपेला विचारले, "मावशी, हे अजून चालतं?" रूता याच बेटावरच्या घराण्यातली, पण ऑकलंडमध्ये वाढलेली. ही गोष्ट घडली तेव्हा तिला येऊन तीनच आठवडे झाले होते.

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, लेमोआना आला. आमच्याकडे घराणे आपल्यातल्या एकाला प्रमुख करते, तेव्हा त्याला घराण्याचे मानाचे नाव देते. त्या दिवसापासून त्याचे लहानपणचे नाव कुणी घेत नाही. लेमोआना हे तसे नाव. या लेमोआनाला ते मिळून आठ महिने झाले होते. महिनाभर त्याची पाठ दुखत होती. सोबत त्याची थोरली बहीण लुसिआ होती. नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या वीलीने अदबीने मान झुकवून फाइल काढून दिली.

डॉक्टरांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची भिंत आहे.

"तुमचं आधीचं रक्त बघितलं मी," रूता म्हणाली. "मनोरा छत्तीसवर होता. लीटरमागे छत्तीस ग्रॅम. हिमोग्लोबिन साडेआठ. तुम्हाला कुणी काहीच सांगितलं नाही?"

"मी एकदा रक्त दिलं होतं, बोटीवरच्या नोकरीसाठी. कुणी बोललं नाही."

"आज परत घेऊच. पण हे आकडे आणि ही पाठ... मला मायलोमा वाटतो. हाडांत पोचलेला."

मग लुसिआ म्हणाली, "काकांना हेच होतं. ऑकलंडला नेलं, तिथेच गेले."

"घराण्यात असू शकतो कधी कधी," रूता हळूच म्हणाली.

रक्त द्यायला तो माझ्या खोलीत आला. इतका मोठा माणूस, पण बाही वर करायचीही त्याला आठवण राहिली नव्हती. ती पेपेने वर केली.

"शनिवारी सगळं घर जमणार आहे," तो बहिणीला म्हणाला. "मी नाव परत करतो."

"परत करतो म्हणजे? शेजारणीकडून आणलेली कढई आहे का ती?"

"काकांना या नावानं खाल्लं. आता मला. निदान तिसऱ्याच्या वाट्याला येऊ नये."

"चार पोरं आहेत तुला. त्यांना काय सांगणार आहेस?"

"तेच कळत नाही गं."

लुसिआ एरवी भावाला बोलायची संधी सोडत नाही. या वेळी तिने फक्त त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या यंत्राचे आकडे आधी आले. हिमोग्लोबिन चौदा. मूत्रपिंडे ठीक. कॅल्शियम ठीक. मग पट्टी माझ्याकडे आली. मी रोजच्यासारखी रेघ काढली, आणि डोंगरावर एक बुटका मनोरा उमटला. पाच ग्रॅम.

रूताने कागद उचलला. "हे बिघडलंय. औषधाशिवाय छत्तीसचे पाच होत नाहीत. मावशी, मी विचारलं होतं ना, चालतं का हे? म्हातारं झालंय."

मित्रांनो, मी हादरून गेले. चाळीस वर्षांत मला कुणी खोटे म्हटले नव्हते. क्षणभर मला स्वतःचाच भरवसा वाटेना. आत्ता रेघ चुकली असेल? की गेल्या वर्षी, छत्तीसच्या वेळी?

पेपेने कुंडी खाली ठेवली. दिव्याची काच पुसली, लेखणी धुतली, पट्टी पुन्हा सरकवली. पाच.

मग तिने फाइलमधला जुना कागद आणि आजचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. तिचे हात थांबले.

"डॉक्टर, इकडे ये जरा. जुना मनोरा कुठे आहे?"

"डोंगराच्या मधोमध."

"आणि आजचा?"

"अलीकडच्या पायथ्याशी." रूता पुढे वाकली.

"चर्च उंच बांधतात, बुटकं बांधतात. पण रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन बसलेलं चर्च मी तरी पाहिलं नाही."

रूताने दोन्ही मनोऱ्यांवर बोट ठेवले. "ही दोन माणसं आहेत."

पेपेने माझ्या खालचा खण उघडला. मी काढलेला एकही कागद तिने कधी फेकलेला नव्हता. मधोमध मनोरा असलेले आणखी तीन कागद निघाले. अकरा, एकोणीस, सत्तावीस. तिन्हींवर नाव एकच, लेमोआना. ते आधीच्या लेमोआनांचे, म्हणजे काकांचे रक्त होते. खणाच्या तळाशी पाच वर्षांपूर्वीचा, बोटीच्या नोकरीसाठीचा कागद सापडला. पायथ्याशी मनोरा, पाच ग्रॅम. वरचे नाव इओसुआ. शेजारी पेपेच्या अक्षरात लिहिले होते, वर्षाने परत बोलवा. कुणी बोलावले नव्हते. पेपे तो कागद हातात धरून खुर्चीवर बसली.

वीलीला आत बोलावले.

"ते लेमोआना म्हणाले, मी लेमोआनांची फाइल काढली," तो म्हणाला.

"जन्मसाल का नाही विचारलंस?"

"घराण्याच्या प्रमुखाला वय विचारू? लहानपणचं नाव विचारू? माझी आई मला घरात घ्यायची नाही."

"म्हाताऱ्याच्या मयतीला तू गायला होतास ना रे?" पेपेने विचारले.

"होतो ना."

"मग?"

"माणूस गेला, मावशी. नाव कुठे गेलं होतं?"



रूता स्वतः गाडी घेऊन गेली आणि दुपारी बहीणभावाला घेऊन आली. तिने पाचही जुने कागद आणि आजचा कागद टेबलावर मांडले. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "कागद कुणाचा, हे न बघता मी तुम्हाला आजार सांगितला."

तो कागदांकडे बघतच राहिला. "म्हणजे मी मरत नाहीये?"

"नाही. तुमचा मनोरा पाच वर्षांत वाढलेला नाही. ही मायलोमाच्या आधीची पायरी आहे, आणि बहुतेक लोक आयुष्यभर तिथेच उभे राहतात. थोडं रक्त न्यूझीलंडला पाठवून त्या प्रथिनाचा प्रकार तपासते. मग सहा महिन्यांनी एकदा, आणि पुढे दर वर्षी. पाठीचाही फोटो काढू."

"पाठ?" लुसिआ म्हणाली. "मान मिळाल्यापासून मेजवानीच्या भट्टीचे दगड स्वतः उचलतो. चार पोरं काय शोभेला ठेवलीत?" आणि एवढे बोलून ती रडू लागली. भावाला मात्र रडू येईना, हसू येईना. गुरुवारपासून तो जिथे जाऊन बसला होता, तिथून परत यायला त्याला वेळ लागत होता.

वीली नवी फाइल घेऊन उभा होता. त्याचे डोळे जमिनीवर होते. "माफ करा," तो म्हणाला, "आपलं आधीचं नाव सांगाल का? आणि जन्मसाल."

आठ महिन्यांत ते नाव कुणी उच्चारले नव्हते. त्याने बहिणीकडे पाहिले. "इओसुआ," तो म्हणाला.

शनिवारी घर जमले. नाव परत गेले नाही.

मित्रांनो, माझी रेघ खरी होती, कागद कुणाचा हे मात्र चुकले होते. तेवढ्याने एक माणूस एक दिवस आणि एक रात्र मेलेला राहिला. म्हणून तुमच्या घरच्यांचे जुने कागद जपून ठेवा. एकट्या आकड्याला घाबरू नका, त्याच्या मागचे आकडे शोधा. दुसऱ्यांदा बोलावले, तर नक्की जा. आणि अदबीपोटी कुणी तुमचे पहिले नाव विचारले नाही, तर ते तुम्हीच सांगा.

इओसुआ आता वेळेवर येतो. खिडकीशी तो आधी जुने नाव सांगतो, मग मानाचे. गेल्या खेपेला मी पुन्हा पाचच काढले. कुंडी आता खिडकीत असते. माझी शाई तेवढी वाळू देऊ नका.