तार की दोर

शनिवारी सकाळपासून निनादच्या पायाला भिंगरी लागली होती. प्रतापनगरहून राजा पार्क, राजा पार्कहून झोटवाडा, आणि शेजारच्या सीटवर पिशवीत पंचवीस मीटर नवाकोरा सिंथेटिक दोर. दुकानदार वर म्हणाला होता, पटला नाही तर सोमवारपर्यंत परत आणा. तिथेच घोटाळा झाला. माणसाला परतीची वाट ठेवली की त्याचं पुढे नीट लक्ष लागत नाही.

प्रश्न त्याच्या जीपच्या विंचचा होता. विंच म्हणजे पुढच्या बंपरवर बसवलेला मोटरवरचा रहाट. जीप वाळूत रुतली की त्याची तार काढून दुसऱ्या गाडीला अडकवायची, बटण दाबायचं, आणि आपली आपण बाहेर यायचं. आता तार घ्यावी की दोर? पोलादी तार उन्हाला आणि वाळूला भीक घालत नाही, पण ताणात तुटली तर चाबकासारखी उलटते. दोर तुटला तर निमूट खाली पडतो, पण जयपूरचं ऊन त्याला खातं आणि वाळू विणीत शिरून आतून कापत बसते. निनादने आठवडाभर यावर इतकं वाचलं होतं, की बायको, अनुया, शेवटी म्हणाली, "एवढा विचार माझ्याशी लग्न करताना केला होतास का रे?"

तिला हसू येत होतं, त्याला येत नव्हतं. कारण उद्या जीपवाल्यांच्या सहलीत अभिजित पुन्हा वाळूत येणार होता. अभिजित हा अनुयाचा मोठा भाऊ. वडील सदाशिवराव बँकेच्या बदलीने इकडे आले ते इथलेच झाले, आणि अभिजित इथेच जन्मला, वाढला. गेल्या सप्टेंबरात विंचची तार तुटून त्याच्या डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले. बटण निनादच्या हातात होतं.

निनाद तेव्हा साताऱ्याहून येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जीप चाकं बुडेपर्यंत रुतली होती, दोन इंजिनं घुरघुरत होती, आणि विंच बसवून देणारा झोटवाड्याचा चंदन मिस्त्री एका हातात घोंगडी घेऊन ओरडत धावत येत होता. निनादने ते ऐकलं आणि बटण दाबलं. बाकीच्यांना इंजिनांच्या आवाजात काहीच कळलं नव्हतं. दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं, तेव्हा त्याने जे ऐकलं तेच सांगितलं: चंदनच म्हणाला, खेचा. जीपवाल्यांच्या ग्रुपवर त्याने हिंदीतही लिहिलं, 'चंदन ने बोला खींचो.' ग्रुपमध्ये ऐंशी माणसं. चंदनला मात्र कुणी काही विचारलं नाही. त्या दिवसापासून विंचसाठी त्याच्याकडे कुणी फिरकलंच नाही.

निनाद तर आठ महिने चंदनच्या गल्लीत शिरला नव्हता. आजही शिरला नसता, पण अभिजित अडून बसला. "रस्सी लावणार तर चंदनभाईच," तो म्हणाला. "त्या दिवशी बोलण्यात चूक झाली असेल त्याची. हाताची चूक नाही होत."

चंदन एका उघड्या इंजिनावर वाकला होता. निनादला पाहून त्याने पाना खाली ठेवला. "आओ साब. अभिजित भैया का पैर कैसा है?"

निनादला रागच आला. आधी पायाची चौकशी केली, म्हणजे आपण आता बोलायचं काय! त्याने पिशवी पुढे केली. चंदनने दोर बोटांनी चाचपला, उन्हात धरला. "अच्छी है. पर जिन पे ये चलेगी, वो रोलर निकालने पड़ेंगे. पुरानी तार ने घिस दिए हैं, इसको काट देंगे."

"और तार में क्या बुरा है?" निनादने विचारलं. त्याला नक्की काय ऐकायचं होतं, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

चंदनने भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला तुटक्या तारेचं भेंडोळं टांगलेलं होतं. तीच ती. "आठ महीने से देख रहा हूँ, साब. कहाँ कमी थी, मिली नहीं. मैंने ही लगाई थी. लोग विंच के लिए नहीं आते, ठीक ही करते हैं."

चंदनला ग्रुपमधलं काहीच ठाऊक नव्हतं. हा माणूस तारेत आपला गुन्हा शोधत बसला होता.

तेवढ्यात वावटळ उठली. मे महिन्यात ती सांगून येत नाही. गल्लीच्या टोकाला धुळीची भिंत उभी राहिली आणि उघड्या इंजिनावर अर्धवट टाकलेली ताडपत्री फडफडायला लागली. चंदनच्या दोन्ही हातांत सुटे भाग होते. तो ओरडला, "साब, ओढ़ा दो! जल्दी! ओढ़ा दो!"

निनादने ताडपत्रीचं टोक धरलं आणि जिवाच्या आकांताने ओढलं. ताडपत्री सगळीच्या सगळी त्याच्या अंगावर आली, आणि गल्लीतली धूळ खुशाल इंजिनात जाऊन बसली.

"अरे साब! ओढ़ाने को बोला, ढकने को! आपने तो खींच ली!"

ताडपत्री छातीशी धरून निनाद तसाच उभा राहिला. याच शहरात त्याने अनुयासाठी दोन ओढण्या घेतल्या होत्या, आणि ओढणी अंगावर घेतात, हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं! पण घाईत कान आपले साताऱ्याला जाऊन बसले. आणि त्या दिवशी? त्या दिवशीही हाच शब्द होता. ओढा. तो त्याने कधी जसाच्या तसा कुणाला सांगितलाच नव्हता. दर वेळी शहाण्यासारखं भाषांतर करून सांगितलं होतं, आणि म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"उस दिन भी," त्याने विचारलं, "तुमने यही बोला था?"

"हाँ. तार पे कंबल ओढ़ा दो, टूटे तो उछले नहीं. फिर पहियों की रेत निकालते. पर आपने हड़बड़ी में बटन दबा दिया." चंदन कापडाने इंजिन पुसत होता. "बटन तो कोई भी दबा देता है, साब. तार को टिकना था."

आता मूग गिळून गप्प बसणं अगदी सोपं होतं. दोर बसवून घ्यायचा, पैसे द्यायचे, घरी जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि संन्याशाला फाशीचा पत्ताच नव्हता. निनादला स्वतःची लाज वाटली. त्याने तिथेच उभं राहून अभिजितला फोन लावला.

"बोल रे. रस्सी लागली?"

"दादा, त्या दिवशी चंदन खेचा म्हणाला नव्हता. ओढा म्हणाला होता."

"एकच ना ते?"

"त्याच्या हातात घोंगडी होती, दादा."

अभिजित दोन्ही भाषांत वाढलेला होता. त्याला एक क्षणच लागला. "मतलब... कंबल ओढ़ा दो?"

"हो. चूक माझी होती. खापर मी त्याच्यावर फोडलं."

मग अभिजित म्हणाला, "आठ महिने मी घरात बसून त्याच्या जिभेला शिव्या दिल्या, निनाद. ग्रुपमध्ये लिही. आत्ता. आणि उद्या बटण मी पकडणार."

निनादने लिहिलं, आणि पाठवण्याआधी चंदनला वाचून दाखवलं. या वेळी शब्द जसाच्या तसा होता. चंदन स्टुलावर बसला. तो ओरडेल, निदान दोन शब्द सुनावेल, असं निनादला वाटलं, किंबहुना त्याने सुनावावं असंच वाटलं.

"मतलब," चंदन हळूच म्हणाला, "तार ठीक थी?"

"तार ठीक थी."

चंदनने तोंडावरून हात फिरवला. मग उठून पाना हातात घेतला. "तो क्या लगाऊँ? नई तार मँगवा दूँ?"

"रस्सी ही," निनाद म्हणाला. "आदमी तो फिर चूकेगा. पैर बचना चाहिए."

"और कंबल?"

"पहले कंबल."

चंदनने मान हलवली. रोलर काढायला वळण्याआधी तो भिंतीशी गेला, खिळ्यावरचं भेंडोळं काढलं आणि निनादच्या हातात ठेवलं.

"आठ महीने मैंने देखी, साब. अब आप देखो."

निनादने ते दोन्ही हातांनी धरलं. तारेवर गंजाचा एक ठिपका नव्हता. त्याच्या बोटांना ताजं तेल लागलं.