आधी कोपराचं चित्र

टप्. नळाचा थेंब उपड्या पातेल्यावर पडला आणि स्वयंपाकघरातली दुपारची शांतता मोडली. पाळण्यातलं धाकटं बाळ चुळबुळलं, पण उठलं नाही. आईने सुटकेचा निःश्वास सोडला, नळ घट्ट पिळला आणि हातातल्या ओलसर फडक्याने माझ्या पाठीवरची धूळ पुसली.

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. टपालपेटी, टपाल निवडणारा आणि टपाल वाटणारा हे तिघे एकाच खोक्यात राहायला आले तर जे होईल, ते मी. आज माझ्या एका बाजूला पिठाचा डबा आहे आणि डोक्यावर एक कान तुटलेला कापडी ससा. म्हणून मला मोडीत काढू नका हं. मी ठणठणीत आहे. बटण दाबून बघा, पहिल्या झटक्यात माझा पंखा घरघरतो.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण आत येऊ देत नसत. पुढे जन्मभर धुळीशीच संसार करायचा आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कारखान्यातून मी निघालो तो थेट डोंगरावरच्या एका वस्तीत. तिथे लाकडाची गिरणी होती, शाळा होती आणि एक छोटं इस्पितळ होतं. इस्पितळाच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांशेजारी माझी जागा ठरली.

सगळ्या वस्तीची पत्रं माझ्याकडे यायची आणि मी ती शहराकडे धाडायचो. वाटा दोनच. एक टेलिफोनची तार आणि दुसरी गिरणीच्या छपरावरची रेडिओची काठी, जी दरीपलीकडच्या केंद्राकडे पत्र पोचवायची. दोन्ही गोगलगायीच्या जातीच्या! अरुंद बोळात एक भरलेली हातगाडी शिरली की मागच्या सायकलवाल्यांचं जे होतं, तेच माझ्या तारेवर व्हायचं.

मला सांभाळायला एक तरुण बाई होती. सगळे तिला टपालताई म्हणत. तिने मला वळण लावलं. लहान पत्रं आधी सोडायची. चित्रांची जाडजूड पाकिटं गिरणी आणि शाळा सुटल्यावर. पलीकडून कुणी दार उघडलं नाही तर थोडं थांबायचं, मग पुन्हा ठोठावायचं, पण दारात बसून राहायचं नाही. एक तार पडली तर दुसरीने जायचं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे पाकिटावरचा पत्ता तेवढा बघायचा. आतलं वाचायचं नाही.

मी ते कधीच वाचलं नाही. याचा मला आजही अभिमान आहे.

गिरणीचे साहेब एकदा म्हणाले, "ताई, तुमचं हे खोकं आमच्या मुकादमापेक्षा शहाणं आहे."

"बोलत नाही ना ते, म्हणून शहाणं वाटतं," टपालताई म्हणाली. मुकादम तिथेच उभे होते. तेही हसले.

टपालताईची लेक तेव्हा नुकती पळायला शिकली होती. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. एका सकाळी ही भिंगरी गिरणीतल्या ओंडक्यांवर चढली आणि घसरून कोपरावर पडली. आजी तिला उचलून धावत इस्पितळात घेऊन आली.

आमचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी कोपराचा एक्स-रे काढून त्याचं कॅमेऱ्याने चित्र टिपलं आणि ते गंभीर झाले. "हाड सरकलंय. बोटं गार पडायला लागलीत. इथेच बसवू की शहरात पाठवू? पाठवायचं तर वळणांचा रस्ता, दिवसभर हादरे. इथे बसवलं आणि चुकलं, तर हात आखडेल." त्यांनी शहरातल्या हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, चित्र पाठवा, पण लवकर. मला शस्त्रक्रियेला जायचंय, एकदा आत गेलो की संध्याकाळीच बाहेर येईन.

फोनची तार आणि माझी तार एकच. म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला आणि चित्र माझ्या हाती दिलं. मी निघालो. पण पाकीट चांगलंच जाड होतं. अर्ध्या वाटेत तार तुटली, म्हणजे जोडणीच सुटली, की सगळं पहिल्यापासून. पुन्हा निघालो, पुन्हा तुटली.

टपालताई धापा टाकत आली. मागोमाग डॉक्टर. "ताई, चित्र पोचतच नाहीये हो!"

तिने माझा स्क्रीन चालू केला आणि रांगेकडे बघतच राहिली. "डॉक्टर, तुम्ही कितीदा पाठवलंत?"

"जात नव्हतं ना… चार-पाचदा असेल."

"आणि ही बाकीची?"

"ती सिस्टरांनी पाठवली. त्यांच्याकडून जाईल असं वाटलं. आणि कारकुनाने, मदत म्हणून."

"अहो, एकाच दारातून एकच कपाट इतके जण न्यायला लागलात तर कुणीच बाहेर पडणार नाही!"

दारात आजी उभी होती, कडेवर भिंगरी. भिंगरी हुंदके देत आईकडे झेपावत होती. आजी कडाडली, "अगं, लेकरू 'आई आई' करतंय आणि तू त्या खोक्याला काय कुरवाळत बसलीस?"

टपालताईचे डोळे भरले, पण हात थांबले नाहीत. "आई, तिच्याचसाठी बसलेय. तुम्ही तिची बोटं बघत राहा. रंग बदलला की लगेच हाक मारा."

मग तिने जे केलं, ते मला कुठल्याही कारखान्यात शिकवलं नव्हतं. तिने जादा चित्रं एकजात काढून टाकली. डॉक्टरांना म्हणाली, "यात टेबलही आलंय, भिंतही आलीय. नुसतं कोपर कापून द्या." ते होईपर्यंत एका ओळीचं पत्र रेडिओच्या वाटेने सोडलं, "चित्र निघतंय, कृपा करून थांबा." मग गिरणीची, शाळेची, घराघरांची, रांगेत उभी असलेली सगळी पत्रं तिने बाजूला थांबवली. तार रिकामी झाली. लहान पत्र आधी, हा तिचाच नियम तिने मोडला.

"जा रे," ती मला म्हणाली.

मी गेलो. तार चरचरली, पण या वेळी तुटली नाही. कोपराचं चित्र शेवटच्या रेघेपर्यंत पलीकडे उतरलं. उत्तर रेडिओच्या वाटेने आलं. इथे आणू नका, वेळ जाईल, हाड तिथेच बसवा, आणि कसं बसवायचं तेही. डॉक्टर ते वाचत वाचतच आत पळाले. टपालताईने थांबवलेली पत्रं मोकळी केली, आणि मगच लेकीला पोटाशी घेऊन रडली.

बोटं पुन्हा गुलाबी झाली. आज त्याच हाताने भिंगरी माझ्या अंगावर खडूने चित्रं काढते.

पुढे डोंगरावर रुंद तार आली आणि तिच्याबरोबर एक चकचकीत यंत्र. मी अडगळीत गेलो. कोळ्यांनी माझ्या पंख्यात घर केलं. शेवटी भंगारवाला आला. त्याने मला उचललं, तेवढ्यात टपालताई आडवी आली. "हे भंगार नाही, दादा. हे आमच्या घरचं माणूस आहे." अशा रीतीने मी पिठाच्या डब्याशेजारी आलो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा. आणि तुमच्या तारा कितीही रुंद झाल्या, तरी तेच ते पुन्हा पुन्हा ढकलू नका. मागे कुणीतरी उभं असतं.

आज आईने, म्हणजे टपालताईने, धूळ पुसता पुसता हीच गोष्ट भिंगरीला सांगितली. भिंगरीने कापडी सशाला पोटाशी धरून ती मन लावून ऐकली. मग आपलं कोपर दुमडलं, सरळ केलं, पुन्हा दुमडलं, आणि आईला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला ठाऊक नाही. मी पत्ता तेवढा बघतो.

"आई, तू माझ्यासाठी ज्यांची पत्रं थांबवलीस, त्यांच्यातही कुणाला खूप घाई होती का गं?"