सोड्याने घासलेला साचा

मी एक जुना लाकडी साचा आहे, चीज बनवण्याचा. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला आंबूस वास येतो हे मला ठाऊक आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. त्या वासानेच आमच्या खोऱ्याचे नाव वाचवले.

आमच्या घरातल्या दोन जावांच्या सासऱ्यांनी मला एका ओंडक्यातून कोरले. तळाशी त्यांनी तीन टेकड्या काढल्या, म्हणून माझ्यातून निघणाऱ्या प्रत्येक चीजवर तीन टेकड्या उमटतात. रोज सकाळी दोघी जावा फाटलेल्या दुधाचा मऊ गोळा माझ्यात दाबून भरत. नंतर मला साबण नाही की सोडा नाही. दूध फाटल्यावर उरलेल्या कोमट पाण्याने विसळायचे आणि सावलीत उपडे घालायचे, एवढेच. ते आंबट पाणी वर्षानुवर्षे माझ्या लाकडात मुरले. चीजची निम्मी चव माझी आहे, असे मी म्हटले तर थोरली जाऊसुद्धा नाही म्हणणार नाही.

मग शहरातल्या एका कारखान्याने प्लास्टिकच्या डब्यातले चीज बाजारात आणले. डब्यावर आमच्या खोऱ्याचे नाव आणि वर माझ्या तीन टेकड्या! चवीला विचाराल तर खडू बरा. एवढ्यावर त्यांचे भागले नाही. हे नाव फक्त आमचे, इतर कोणी वापरायचे नाही, असा अर्ज त्यांनी नोंदणी कचेरीत केला. जावांच्या घरी नोटीस आली.

"म्हणजे आपल्याच लेकराला आपण नावानं हाक मारायची नाही?" थोरली म्हणाली आणि त्याच दिवशी कचेरीत जाऊन हरकत नोंदवून आली. कचेरीतल्या साहेबांनी सांगितले, "तुमच्या चीजमध्ये वेगळं काय आहे, ते मी स्वतः चाखून ठरवीन. दोन महिन्यांनी येतो."

चीज पिकायला सहा आठवडे लागतात. साहेबांसाठी खास चीज लावायचे म्हणून धाकटी जाऊ कामाला लागली. भिंती रंगवल्या, फळ्या पुसल्या आणि मला सोडा घालून उकळत्या पाण्याने खसाखसा घासले. वर दोन दिवस कडक उन्हात! पाहुणा येणार म्हटल्यावर कोणते घर असे करत नाही? मी पांढराफटक पडलो, अंगाला चीर गेली.

साहेब आले. त्यांनी कारखान्याचे आणि आमचे, अशी दोन्ही चीज चाखली आणि म्हणाले, "मला तर सारखीच लागतात."

धाकटीला रडू फुटले. "ताई, मीच घात केला. सोड्यानं धुतला मी साचा."

थोरली साहेबांकडे वळली. "ऐकलंत ना साहेब? साचा घासला की आमचं चीजही कारखान्याचं होतं. हेच तर आमचं वेगळेपण. तीन महिने द्या."

"तीन महिने. त्यावर एक दिवस नाही," साहेब म्हणाले.

त्या दिवसांत मी जिद्द काय असते ते पाहिले. चिरेवर तारेचा पट्टा बसला. पहिली कितीतरी चीज कोंबड्यांना गेली. तरी धाकटी रोज मला भरत होती, कोमट पाण्याने विसळत होती, सावलीत ठेवत होती. सहाव्या आठवड्यात तिने माझ्यात नाक खुपसले आणि ओरडली, "ताई, आला वास!" मलाही भरून आले. त्याच दिवशी साहेबांचे चीज लावले.

ते पिकल्यावर साहेबांनी चाखले, लेखणी खाली ठेवली आणि आणखी एक तुकडा मागितला. नाव खोऱ्याचेच राहिले. कारखान्याला डबे बदलावे लागले.

आता आमचे चीज विकणारा दुकानदार म्हणतो, "साचा काचेच्या कपाटात ठेवू या. लोक फोटो काढतील, खप वाढेल."

धाकटीने मला त्याच्या हातातून हिसकावून घेतले. "फोटोला वास येतो का? कपाटात हा सुकला, तर चीजवर खोऱ्याचं नाव कुठल्या तोंडानं लावायचं?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, पण आमच्या हातचे काम काढून घेऊन नको. माझी चीर दर हिवाळ्यात थोडी रुंदावते, पट्टा आवळावा लागतो. तरी मी थकलेलो नाही. तिकडे दूध फाटले आहे आणि धाकटी बाह्या सावरून माझ्याकडेच येते आहे.